भाड्याची गाडी, फुकटचा विमा आणि शालनची चादर

"बाबा, तुमच्या कार्डावर परदेशातल्या भाड्याच्या गाडीचा विमा फुकट असतो," एवढं एकच वाक्य आमच्या रत्नदीपने पुण्याहून फोनवर सहज टाकलं आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. त्याची मीटिंग तासाभरात संपली असेल. माझी पुढे दोन-अडीच महिने चालू राहिली.

गाडीचा विषय निघाला तो शालनमुळे. शालन माझी पत्नी. आदल्या वर्षी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर लुंबिनीला गेलो होतो. त्या कंपनीच्या मॅनेजरच्या गळ्यात शिट्टी होती. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे, पण पी.टी.च्या तासाबाहेर कधी शिट्टी वाजवली नाही. हा गृहस्थ मात्र जेवणाला, चहाला आणि वंदनेलाही एकाच सुरात वाजवत होता. शालन डोळे मिटून बसली, जरा कुठे मन स्थिर होतंय तोच शिट्टी वाजली. पुढच्या गावी जेवण गार होतंय, चला. शालन गुडघ्यावर हात ठेवून उठली. सोलापूर स्टेशनावर रिक्षात बसताना म्हणाली, "आता पुढं कुठं गेलो, तर मला पोटभर बसायचंय. शिट्टी नको."

मागून मागितलं काय, तर बसायला. त्यामुळे मला नाही म्हणता येईना. ठरलं ते असं. थायलंडात सुखोथाई नावाचं जुनं गाव आहे, तिथे एका बिनछपराच्या विहारात बुद्धाची प्रचंड बसलेली मूर्ती आहे, ती बघायची. आम्ही दोघं आणि आमचे व्याही-विहीण, म्हणजे सूनबाईचे आईवडील, असे चौघं. यात्रा कंपनी नाही. गाडी भाड्याने घ्यायची आणि मीच चालवायची. शालनने बॅगेच्या तळाला एक सोलापुरी चादर घालून ठेवली. "तिथं अंथरून बसेन," म्हणाली. ही चादर लक्षात ठेवा, असं मी वर्गात मुलांना सांगितलं असतं.

आता विमा. इथे जरा थांबून समजावून सांगतो, कारण मला स्वतःला तो समजायला फार त्रास झाला आणि तो वाया जाऊ नये असं वाटतं.

परदेशात गाडी भाड्याने घेतली, की काउंटरवरचा माणूस विचारतो, आमचा विमा घेता का? घेतला तर रोजचे वेगळे पैसे. नाही घेतला आणि गाडीला ओरखडा पडला, तर तो ओरखडा तुमचा. काही कार्डं अशी असतात, की त्या कार्डाने भाडं भरलं तर ओरखड्याचा खर्च कार्डवाले देतात. मात्र अटी आहेत. भाडं सगळंच्या सगळं त्याच कार्डाने भरायचं. ज्याचं कार्ड, गाडी त्याच्याच नावावर. कंपनीचा विमा स्वच्छ शब्दांत नाकारायचा. कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची नाही. आणि हे सगळं पाळूनही विमा फक्त आपल्या गाडीपुरता. आपण दुसऱ्याच्या गाडीला ठोकलं तर तो हिशेब निराळा.

इतकं साधं आहे. पण हे मला कोणी इतकं साधं सांगितलं नाही.

प्रथम मी बँकेत गेलो. तिथला तरुण अधिकारी फार नम्र होता. मी "गाडी" म्हटल्याबरोबर त्याने वाहनकर्जाचा तक्ता पुढे केला. मी म्हटलं, गाडी विकत नाही घ्यायची, भाड्याने घ्यायची आहे. तो म्हणाला, भाड्याने लावायला घेत असाल तर व्यवसायकर्ज मिळेल. मी म्हटलं, गाडी परदेशात आहे. त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि मला मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं. तिथे मला चहा मिळाला, पेन्शनखात्यावर सोनेतारणाची चांगली योजना आहे हे कळलं, आणि विम्यासाठी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा असा सल्ला मिळाला.

फोनवर आधी संगीत ऐकवतात. मग एका मुलीने हिंदीतून माझी जन्मतारीख, आईचं नाव आणि कार्डाचे आकडे विचारले. ते सांगून झाल्यावर तिने मला दुसऱ्या मुलीकडे दिलं. तिनेही पुन्हा आईचं नाव विचारलं. माझ्या आईचं नाव उभ्या आयुष्यात जितक्या लोकांनी विचारलं नव्हतं तितक्यांनी त्या आठवड्यात विचारलं. शेवटी एका शहाण्या मुलीने सगळ्या अटी नीट वाचून दाखवल्या. मी तिला म्हटलं, बाळ, तू शिक्षिका व्हायला हवी होतीस. ती म्हणाली, सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय.

शेजाऱ्यांना कळायचं राहिलं नव्हतंच. समोरचे मल्लिकार्जुन चादरींचे व्यापारी. एकदा दुबईला जाऊन आले असल्याने परदेश हा विषय गल्लीत त्यांच्याकडे होता. त्यांनी सांगितलं, गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर आधीचे ओरखडे तुमच्या गळ्यात. हे अगदी बरोबर होतं. त्यापुढे ते म्हणाले, व्हिडिओ काढताना त्यांच्या माणसाचं तोंडही त्यात घ्या, आणि शक्यतो तो हसत असताना घ्या. याचं कारण मला अजून कळलेलं नाही. शेजारच्या शिवबाईंनी दारातूनच विचारलं, "गुरुजी, तिकडं रिक्षा नसत्यात का?" मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हंजे असत्यात की नसत्यात?"

माझा खरा आधार म्हणजे अंगणातला वर्ग. संध्याकाळी गल्लीतली मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात. मला एखादी गोष्ट समजली आहे की नाही, हे ती मुलांना शिकवल्याशिवाय मला कळत नाही. म्हणून मी विम्याचं नाटक बसवलं. एक मुलगा सायकलवाला, एक भाड्याने घेणारा आणि चौथीतली बुद्धप्रिया म्हणजे कार्ड. बुद्धप्रियाचं कार्ड फार कडक होतं. सायकल कुंपणाला घासली, की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "भाडं कुणी भरलं? पावती कुणाच्या नावाची? मग मी न्हाय देणार." एकदा भाड्याने घेणाऱ्याचे पैसे त्याच्या मित्राने भरले, तर तिने दोघांनाही हाकलून लावलं. आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला परदेशी भाड्याच्या गाडीचा विमा पाठ झाला. त्यांतल्या एकाकडेही कार्ड नव्हतं, पासपोर्ट नव्हता, आणि गाडीच्या ब्रेकपर्यंत पाय पोहोचत नव्हते. पण शिक्षण असंच पुढे कधीतरी उपयोगी पडतं.

शिकवायचे राहिले ते एकच, आमचे व्याही.

ईश्वरराव श्रीपूरला साखर कारखान्यात होते. कारखान्याचं पाहुणेघर जन्मभर त्यांनी सांभाळलं. आलेल्या माणसाला खिशात हात घालू द्यायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम निवृत्तीनंतर स्वभाव होऊन बसला आहे. त्यात ते मुलीचे वडील. लग्नात आम्ही मानपान मुळातच ठेवला नव्हता. साधं लग्न, बुद्धवंदना, जेवण, संपलं. त्यामुळे त्यांच्या मनातला मानपान सगळा शिल्लक राहिला होता. तो ते हॉटेलच्या बिलांमधून थोडा थोडा फेडत असतात. मी त्यांना विमा तीन वेगळ्या पद्धतींनी समजावला. ते दर वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. "समजलं का?" विचारलं तर म्हणाले, "लई बेस सांगता तुमी, गुरुजी." आमच्या विहीणबाई, वच्छलाताई, हळूच शालनला म्हणाल्या, "ह्यांनी कुणालाच कधी न्हाय म्हटलेलं मी ऐकलं न्हाय. मला सोडून."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सुखोथाईचा विमानतळ लहानसा, नीटनेटका, फुलझाडांनी भरलेला. गाडीच्या काउंटरवर एक हसतमुख मुलगी होती. दोन्ही हात जोडून तिने नमस्कार केला, तसा आम्ही चौघांनीही केला. सगळं माझ्या पाठाप्रमाणे चाललं होतं. परवाना दिला, गाडी माझ्या नावावर लिहिली गेली. आता फक्त कार्ड काढायचं. ते शालनने माझ्या पँटच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चोरखिशात होतं, आणि खिशाला सेफ्टी पिन होती. मी सभ्यपणे खांबाआड गेलो. पिन अडकली. परदेशात, खांबाआड, पँटमध्ये हात घालून वाकलेला निवृत्त शिक्षक कसा दिसतो याचा मी विचार करायचं टाळलं.

तेवढ्यात काउंटरवर ती मुलगी काहीबाही विचारत होती आणि ईश्वरराव तिच्या प्रत्येक प्रश्नाला हसून मान डोलावत होते. मी कार्ड घेऊन बाहेर आलो, तेव्हा ते स्वतःचं कार्ड पाकिटात ठेवत होते.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ते म्हणाले. "मी हितं हुबा असताना तुमी खिशात हात घालायचा?"

मला बुद्धप्रिया कमरेवर हात ठेवून उभी दिसली.

मी म्हटलं, अहो, कार्ड माझंच लागत होतं. ते म्हणाले, "कार्डच की हे बी. तुमचं निळं हाय, माझं तांबडं." त्या मुलीला सांगून पैसे परत करवून घ्यावेत, म्हणून मी तोंड उघडलं, तर शालनने कोपराला चिमटा काढला. तिचंही बरोबर होतं. व्याह्यांनी प्रेमाने भरलेले पैसे चारचौघांत उलटे फिरवणं म्हणजे त्यांचं ताट ढकलून देण्यासारखं. त्या प्रसंगावर विम्याच्या अटींत एकही कलम नव्हतं. मुलीने किल्ली माझ्या हातात ठेवली, थाई लिपीतले कागद ठेवले, पुन्हा नमस्कार केला आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. निदान कंपनीचा तरी विमा घ्यावा, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. पण तो किल्ली घेण्याआधीच घ्यावा लागतो, हे मीच गल्लीतल्या मुलांना शिकवलं होतं.

म्हणजे आता पांढरीशुभ्र गाडी, माझं नाव, दुसऱ्याचं कार्ड आणि विमा शून्य. मी व्हिडिओ काढला. काचेआडची मुलगी हसत असताना काढला. विमानतळाबाहेर पडलो आणि त्या क्षणापासून माझ्यातला माणूस संपून गाडीचा राखणदार सुरू झाला.

रस्ते उत्तम होते, आपल्यासारखेच डावीकडून चालायचे, आणि लोक एकमेकांना वाट देत होते. तरी मी गाडी अशी चालवली, की मागून येणाऱ्या सायकलवाल्या बाईंनी आम्हाला ओलांडून पुढे गेल्यावर काळजीने मागे वळून पाहिलं. वच्छलाताईंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, तर चटणीचं तेल सीटला लागेल म्हणून मी सगळ्यांना भर उन्हात रस्त्याकडेला उभं करून जेवायला लावलं. एका विहारापाशी नारळाचं झाड होतं, तिथे थांबलो नाही. दुसरीकडे बसगाड्या उभ्या होत्या, तिथे थांबलो नाही. तिसरीकडे रस्ता कच्चा होता. विमा नव्हताच, तरी त्याची अट मोडवेना. जिथे थांबलो तिथे मी गाडीजवळ उभा राहिलो आणि बाकीच्यांना सांगितलं, जाऊन या, पण लवकर या. शालन बसतेय न बसतेय तोच मी फाटकातून हाक मारायचो. ईश्वरराव दर वेळी म्हणत, "व्हय, निघू या की." शालन गुडघ्यावर हात ठेवून उठायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना ती म्हणाली, "त्या लुंबिनीच्या माणसाची निदान शिट्टी तरी दिसायची."

मी आरसा नीट केला. तो नीटच होता.

त्या दिवशीच आम्ही त्या मोठ्या मूर्तीपाशी पोहोचलो. आमचा तिथे फिरण्याचा शेवटचा दिवस. चार उंच भिंती, मध्ये दरवाजासारखी उभी फट, आणि त्या फटीतून लांबूनच बुद्धाचा चेहरा दिसत होता. शालन गाडीतूनच बघत राहिली. मी गाडीसाठी जागा बघत होतो. सगळीकडे ऊन. एका मोठ्या झाडाखाली सावली होती, पण फांद्यांवर पक्षी होते, आणि पक्ष्यांचं काय सांगावं. मी बराच विचार केला आणि गाडी झाडाखालीच लावली. मग बॅग उघडून शालनची चादर काढली, गाडीच्या टपापासून बॉनेटपर्यंत अंथरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला पडलेले चांगले जड दगड वेचून कोपऱ्यांवर ठेवले. सोलापुरात गच्चीवर पापडाचं कापड आपण असंच ठेवतो. मागे होऊन पाहिलं. गाडी सुरक्षित दिसत होती.

शालनने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वच्छलाताईंचा हात धरून रिकाम्या हातांनी आत गेली. ती कशावर बसेल, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ईश्वररावांच्या आलं. थोड्या वेळाने ते बाहेर आले. म्हणाले, आत फरशी तापलीया, शालनताई उभ्याच हायत, चादर नेतो. मी म्हटलं, थांबा, मी काढतो, दगड आहेत. ते म्हणाले, "तुमी ऱ्हावा हो सावलीत. मी काढतो." मी म्हटलं, अहो तुम्ही पाहुणे, मी काढतो. त्यांनी बॉनेटकडची बाजू धरली होती, मी टपाकडची. आता ही चादर आपल्याकडची, ती फाटण्यातली नाही. त्यांनी आदराने स्वतःकडे ओढली, मी आग्रहाने माझ्याकडे ओढली, आणि आमच्या दोघांच्या सौजन्यामध्ये ते सगळे दगड गाडीच्या अंगावरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे व्यवस्थित फिरले.

आवाज मी विसरलो नाही. नव्या फळ्यावर जुना खडू ओढावा तसा.

चादर निघाली. पांढऱ्या बॉनेटवर चार लांब ओरखडे होते, आणि टपावर आणखी. ईश्वररावांचा चेहरा पडला. माझा आधीच पडलेला असल्याने त्याला जायला जागा नव्हती. आम्ही दोघं दोन बाजूंनी चादर धरून तसेच उभे राहिलो.

आवाजाने बायका बाहेर आल्या. शालनने बोटाने एक ओरखडा चाचपून पाहिला, भांड्याचा पोचा बघावा तसा. मग शांतपणे विचारलं, "आता अजून काय व्हायचं राहिलंय का हिला?"

मी विचार करून म्हटलं, तसं काही राहिलं नाही.

"मग चला आत. गाडी कुठं जात नाही." तिने आमच्या हातांतली चादर काढून घेतली, घडी केली आणि पुढे चालू लागली.

भिंतींच्या आत मूर्तीच्या समोर जरा सावली आली होती. शालनने चादर अंथरली. तिच्यावर आम्ही चौघं बसलो. बुद्धाचा एक हात गुडघ्यावर टेकलेला होता, त्या हाताचं एकेक बोट लहान मुलाएवढं लांब. वंदना झाली. इतके दिवस डोक्यात फिरणाऱ्या अटी एकेक करून गप्प होत गेल्या, कारण आता त्यांना माझ्याकडून काही मिळण्यासारखं नव्हतं. कधीतरी बाजूला पाहिलं, तर शालनचे डोळे मिटलेले होते. चेहरा परीक्षा संपलेल्या मुलीसारखा. आम्हाला उठवायला कोणी आलं नाही. तिथल्या राखणदाराने फाटक लावायची वेळ झाल्यावर लांबूनच हात जोडले, तेव्हा आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करायला गेलो. रात्री मी नुकसानीचं निवेदन इंग्रजीत लिहून काढलं होतं. त्यात दगडांना 'नैसर्गिक वस्तू' म्हटलं होतं. तीच हसतमुख मुलगी बाहेर आली. गाडीभोवती फिरली, बॉनेट बघून क्षणभर थांबली. मी निवेदन पुढे केलं. तिने न वाचता परत दिलं आणि म्हणाली, "फुल कव्हर. नो प्रॉब्लेम."

मी म्हटलं, फुल कव्हर कुणी घेतलं? तिने दोन्ही हातांनी, अतिशय आदराने, ईश्वररावांकडे निर्देश केला.

मी ईश्वररावांकडे वळलो. कंपनीचा विमा घ्यायचा नाही, हे मी त्यांना तीन पद्धतींनी शिकवलं होतं. विचारलं, "अहो, तुम्ही हो म्हणालात?"

ते ओशाळले. "आता ती पोरगी एवढं हसून कायतरी इचारत हुती," ते म्हणाले. "तिला न्हाय कसं म्हणायचं?"

शालनने तोंडाला पदर लावला. वच्छलाताई विमानतळाची फुलझाडं बघू लागल्या. मी निवेदनाची घडी घालून चोरखिशात ठेवली.

सोलापुरात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी अंगण भरलं. शालनने मुलांना बसायला तीच चादर दिली. मी आधी ठरवलं होतं की थोडक्यात आटपायचं, पण मुलांना अर्धवट सांगणं मला जमत नाही. सगळं सांगितलं, चोरखिशासकट. बुद्धप्रियाने अगदी लक्ष देऊन ऐकलं आणि कार्डाच्या वतीने निकाल दिला, की गुरुजी नापास, पण ईश्वरआजोबा पास, आणि ते कसे पास झाले हे तिला स्वतःला पटलेलं नाही. माझंही तेच मत होतं.

मग तिने विचारलं, "आणि गुरुजी, आजी किती वेळ बसल्या?"

माझ्या वर्गात प्रश्नाला उत्तर नाही असं सहसा होत नाही. मी आठवून पाहिलं. गाडी ताब्यात घेतलेली वेळ आठवत होती, परत केल्याची आठवत होती, ओरखड्यांची लांबीसुद्धा आठवत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शालन तिथे उभी राहून ऐकत होती.

"ते काही सांगता येणार नाही, बाळ," मी म्हटलं. "मी घड्याळ बघितलंच नाही."

शालन आत गेली. थोड्या वेळाने तिने सगळ्या मुलांना शेंगाचे लाडू आणून दिले. मला दोन.